खळ्यातली हवा

माझ्या सासूबाई हवा वाचतात. आमचं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थांनी हे सांगितलं आणि माझ्या वडिलांचा समज झाला की मुलीची आई हवामान खात्यात आहे. पाऊस कधी येणार ते घरबसल्या कळेल, कांद्याच्या धंद्याला बरंच, असं ते म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं मी सासुरवाडीला जाऊन जेवत होतो, दुपारचा झोपत होतो, आणि गच्चीवर ताटाखाली ठेवलेल्या त्या काचपट्टीकडे, घरातल्या मोठ्या माणसाचा एखादा नाद असावा तसं बघत होतो.

दोन स्टीलची ताटं, एक वर, एक खाली, मधे सळयांचा आधार. वरचं ताट पाऊस अडवतं. खालच्यावर व्हॅसलिनचा हलका हात फिरवलेली काचपट्टी. दिवसभरात हवेतून जे काही वाहत जातं त्यातलं थोडं तिच्यावर बसतं. संध्याकाळी ती पट्टी काढायची, नवी ठेवायची. काढलेलीवर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. फुलांचे परागकण गुलाबी होतात, बुरशीचे बीजाणू आपापल्या रंगात राहतात.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्या तेव्हापासून त्या हे करत आल्या आहेत. आमच्या भागातल्या हवेत काय असतं हे त्यांच्या आधी कुणी बघितलंच नव्हतं. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर ताटं ठेवायची परवानगी मागायला गेल्या तर प्राचार्य म्हणाले, "बाई, हवेत काय असणार? हवा." त्यांनी पदर खोचला आणि शिपाई जेवायला गेला की शिडी लावून चढायला लागल्या. खाली मुलं शिट्ट्या मारायची. त्याच मुलांपैकी एक पुढे डॉक्टर झाला आणि दम्याचे पेशंट ठरावीक दिवसांतच का वाढतात, हे विचारायला बाईंकडेच आला. गाजरगवत, त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या काढून दाखवल्या. आता परदेशातले लोक त्यांना पत्र लिहून पट्ट्या मागतात. मध्ये एक महागडं यंत्र मिळालं, ते त्यांनी घेतलं, पण ताटंही तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "माप बदललं की बदल हवेत झाला का मापात, हे कसं कळायचं?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गच्चीचा जिना त्यांना बंद झाला. माझं खळं निफाड तालुक्यात आहे. खळं म्हणजे आम्हा कांदा व्यापाऱ्यांची पत्र्याची मोठी शेड. लिलावात घेतलेला कांदा तिथे ओततात, बायका तो निवडतात, गोण्या भरून गाडी जाते. रोज संध्याकाळी मी तिथून नाशिकला परततो, आणि सासूबाईंचं घर वाटेवर पडतं. म्हणून पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं.

"कडेला धरा. मधे बोट लावू नका," एवढंच त्यांनी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मी डोळा लावला आणि काही वेळ मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मग त्यांनी बाजूने हात घालून चाक जरासं फिरवलं, आणि धुकं विरावं तसं ते समोर आलं. काटेरी गुलाबी चेंडू. पेढे एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसे बाभळीचे गठ्ठे. फुलपाखराच्या पंखावरची एक टिकली. कुठल्याशा बुरशीचे होडीसारखे लांबट, आत आडव्या भिंती असलेले दाणे. मी दिवसभर श्वास घेत होतो तो हा. मी वर मान केली तेव्हा श्वास घ्यायला क्षणभर संकोच वाटला.

"यात घोटीकडच्या भाताचेही असतील का?" मी विचारलं. मला काहीतरी शहाणं बोलायचं होतं.

"असतील. पण गवताच्या जातीतले सगळे सारखेच दिसतात. हा भाताचा, हा कुरणातला, असं जो छातीठोक सांगेल तो थापा मारतो."

त्या माणसाचं त्यांना आयुष्यभर आश्चर्य वाटत आलं आहे, असा त्यांचा चेहरा होता. माझ्या धंद्यात छातीठोक सांगितल्याशिवाय गाडी भरत नाही.

मागच्या वर्षी श्रावण संपताना एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "जावईबापू, जरा तो शर्ट काढून द्या."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, त्यांना बनियनवर बसवणार आहेस का?"

"पाच मिनिटं बसतील."

त्यांनी शर्टाच्या खांद्यावर चिकटपट्टी दाबली, ओढून काढली आणि काचेवर चढवली. मग मला बघायला बोलावलं. पांढऱ्या कागदावर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके होते, काही सुटे, काही पुंजक्यांनी. "हे गेले काही दिवस गच्चीवरच्या पट्टीवर दिसताहेत," त्या म्हणाल्या. "रविवारी पट्टी तुमची बायको येऊन बदलते, त्या दिवशी नसतात. मला वाटलं वारा. पण वारा रविवारची सुट्टी घेत नाही. हे तुमच्या अंगावरून झडतात."

मी ओळखलं होतं. ह्याला आम्ही काजळी म्हणतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, राहून पावसाळा काढतो, तेव्हा त्याच्या सालीखाली काळी बुरशी धरते. निवडताना साल उडते आणि शेडमध्ये काळा भुसा तरंगत राहतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. हा आमचा हंगाम.

"किती बायका बसतात तिथे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"कुणी खोकतं का?"

खळ्यावरच्या बायकांच्या गटाची पुढारी एक मावशी आहे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून ती आमच्याकडे निवडायला बसते. मागच्या काही हंगामांत ती खोकते, आणि रात्री उशी उभी करून बसून झोपते, हे तिनेच मला हसत सांगितलं होतं. मी तिला दर हंगामात खोकल्याचं औषध आणून देतो. सगळे म्हणतात कांद्याचा ठसका आहे, दिवाळीनंतर जातो. मीही तेच म्हणत होतो. आदल्या हंगामात मात्र तो दिवाळीनंतर गेला नव्हता.

"ठसका असतोच," मी म्हणालो.

"मला एक दिवस यायचंय."

त्यांना मी नाही म्हणू शकत नव्हतो, आणि हो म्हणायची मला भीती वाटत होती. निवडायला बायका मिळत नाहीत हे आमच्याकडचं रोजचं रडगाणं आहे. माझ्याच खळ्याची हवा वाईट निघाली तर त्या शेजारच्या खळ्यावर जातील, जिथली हवा तितकीच वाईट आहे पण कुणी मोजलेली नाही. गाडी लागायची आहे, पाऊस आहे, माणसं नाहीत, असं सांगत मी बरेच दिवस काढले. शेवटी बायको म्हणाली, "तिला वार सांगा, नाहीतर ती माझ्याशी बोलायची नाही." मी सोमवार सांगितला.

सासूबाई खळ्यावर पहिल्यांदाच येणार होत्या. सासूबाई येणार म्हणजे काय करायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही. रविवारी मी शेड झाडून घेतली. सोमवारी सकाळी सडा मारला, थोडा शेडच्या आतही. बायकांनी आपण होऊन दारात रांगोळी काढली, मी तराजूपाशी उदबत्त्या लावल्या. आणि त्या दिवशी निवडायला मी काजळीचा माल काढला नाही. शनिवारी आलेला स्वच्छ, कोरडा कांदा ओतायला सांगितला. पाहुण्यांसमोर ताटात चांगलंच वाढायचं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं, म्हणूनच ते सांगणं इतकं सोपं गेलं.

त्या आल्या. बायकांनी त्यांची ओटी भरली. मावशी म्हणाली, "बाई, तुमचा जावई लय गुनाचा. नुसता भाव पाडतो तेवढं सोडा." सगळ्या हसल्या. सासूबाई मालाचं प्लास्टिकचं कॅरेट पालथं घालून मावशीशेजारी बसल्या आणि पिशवीतून आपलं छोटं यंत्र काढलं: बॅटरीवरची मोटर, तिला वाकवलेली तार, तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी. मोटर भिणभिणत फिरू लागली.

"ह्याच्यानं डास मरत्यात का?" एकीने विचारलं.

"नाही, पण पकडले जातात," सासूबाई म्हणाल्या. चहा झाला, फोटो झाले. मी त्यांना गाडीने घरी सोडलं आणि परत येताना मला हलकं वाटलं.

दोन दिवसांनी पट्टी बदलायला गेलो तर त्यांनी जिन्याकडे जाऊ दिलं नाही. "आधी हे बघा."

मी डोळा लावला. काळे ठिपके होते, पण थोडे. सगळीकडे काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार, लखलखीत तुकडे पसरले होते, आणि त्यांच्यामधून बारीक काळपट धुराचे लोळ.

"हे काय आहे?" मी विचारलं, आणि विचारताना मला कळलं.

"शिरगोळा. रांगोळीचा दगड. आणि हा उदबत्तीचा धूर." त्यांनी खुर्ची मागे घेतली. "हवा दमट होती, म्हणजे आत पाणी मारलं होतं. कांदा कोरा होता, कारण साल एकही उडालेली नाही. जावईबापू, ही खळ्याची हवा नाही. ही माझ्या स्वागताची हवा आहे."

मग मी सगळंच बोललो. काजळीचा माल मागे ठेवला तेही, आणि का ठेवला तेही. मावशी बसून झोपते हेही. मला वाटलं होतं त्या चिडतील, आणि खरं तर मला ते हवं होतं. चिडल्या असत्या तर माझं काहीतरी फिटलं असतं.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "कळवून गेले. ज्याची हवा मोजायची त्याला दिवस सांगायचा नसतो, हे मी मुलांना शिकवत आले. जावयाचं खळं म्हणून विसरले."

"मग ही पट्टी टाकून देऊ?"

"टाकायची कशाला? त्या दिवशी ती हवा होती, ते खरंच आहे. तसं लिहून ठेवायचं." मग त्यांनी पट्टीवर तारीख लिहिली. "तुमच्या मावशींना विचारलंत का, मी परत यावं का?"

मी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. खळं माझं, म्हणून हवाही माझी, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशीला विचारलं. ती कांद्यावरून नजर न काढता म्हणाली, "येऊ द्या की. चहा तर मिळतो."

"मावशी, हवा वाईट निघाली तर?"

"शेठ, ती वाईट हाय हे मला ठाव नाय का? माझ्याच नाकात जाती. पर माझं कोन ऐकतंय? बाई सांगंल तर तुमी तरी ऐकाल."

सासूबाई पुन्हा कधी येणार हे त्यांनी मला सांगितलं नाही, घरात कुणालाच सांगितलं नाही. पितृपक्षातला एक दिवस होता. मी वजनकाट्याशेजारच्या खोलीत फोनवर एका गाडीचा भाव ठरवत होतो. शेडमधून हसण्याचा आवाज आला म्हणून बाहेर डोकावलो. काळ्या भुशाच्या त्या धुक्यात, पत्र्याच्या फटीतून पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात, माझ्या सासूबाई पालथ्या कॅरेटवर बसल्या होत्या. गुडघा सरळ पुढे पसरलेला, एका हातात भिणभिणणारं यंत्र मावशीच्या तोंडाच्या उंचीवर धरलेलं. नाशिकहून एसटीने आल्या होत्या, फाट्यावरून रिक्षाने. नाकाला साधा पदरही लावलेला नव्हता.

"आई, अहो, निदान तोंड तरी बांधा," मी म्हणालो.

"थोडा वेळ थांबा, हात हलतो," त्या म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "सासू जावयाची झडती घ्यायला आली, आन जावयालाच पत्ता नाय." बायका पुन्हा हसल्या, आणि हसता हसता मावशीला खोकला लागला. तो थांबेना. तिने कांद्याच्या ढिगावर हात टेकले आणि वाकली. सासूबाईंनी यंत्र तसंच धरून ठेवलं आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. मी दारात उभा होतो. माझ्या आयुष्यात मी मंदिरं पाहिली आहेत, मोठी माणसं पाहिली आहेत. पण ज्याच्यापुढे आपोआप नमावंसं वाटलं असं दृश्य माझ्याच शेडमध्ये मला दिसलं. त्यांचा तो स्थिर हात आणि दुसरा, पाठीवरून फिरणारा.

ती पट्टी मी पाहिली ती खळ्यावरच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सूक्ष्मदर्शकासकट गाडीतून आणलं होतं. त्यांना ती बायकांना दाखवायची होती. गुलाबी काही नव्हतंच. काळं, आणि त्यावर काळं, आणि मधे मधे सालीचे फाटके पारदर्शक तुकडे. कुठे मोजायला सुरुवात करावी कळू नये असं. एकेक बाई येऊन बघत होती. एक म्हणाली, "काळं तीळ." एक पदराने नाक पुसत बाजूला झाली. मावशीने एक डोळा गच्च मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे समदं आत गेलंय?"

"यातलं थोडं," सासूबाई म्हणाल्या. "आत जाऊन त्याने काय केलं, ते मी नाही सांगू शकत. ते डॉक्टर सांगतील. मी फक्त हवेचं सांगते. हवा वाईट आहे."

त्यांनी एवढंच सांगितलं. मोठं संकट आहे, घाबरा, असंही म्हणाल्या नाहीत, आणि काही नाही, होईल बरं, असंही नाही. त्या दोन्हींमधली जागा किती अरुंद असते हे मला तिथे कळलं. त्या त्या जागेवर आयुष्यभर उभ्या आहेत.

मावशीला मी नाशिकच्या छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. नळीत फुंकर मारायला सांगितली, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, या बुरशीशी हिच्या फुफ्फुसाने आता वैरच धरलंय. फवाऱ्याचं औषध घेऊन आणि भुशापासून लांब राहून पुष्कळ बरं होईल. त्यात बसत राहिली तर एक दिवस असा येईल की फुफ्फुस पुन्हा बरं होणार नाही. परतताना गाडीत, चांदोरीच्या आसपास, मावशी म्हणाली, "मंग मी खळ्यावर यायचंच नाय का? घरी बसून मी काय करू? भिंती निवडू?"

तिला गोण्या मोजून गाडीत चढवायच्या कामावर घेतलं, बाहेर, उघड्यावर, तेवढ्याच मजुरीवर. शेडच्या दोन बाजूंचे पत्रे काढले आणि मोठे पंखे बसवले. काजळीचा माल भिंत नसलेल्या बाजूलाच ओतायला सांगितला. शेजारचे व्यापारी म्हणाले, सासूने जावयाचं खळं उघडं पाडलं. अक्षरशः पाडलं, मी म्हणालो. हवेचं कळल्यावर तीन बायका यायच्या थांबल्या होत्या; त्यांतल्या दोन परत आल्या, एक नाही आली. तिला कुणी दुसरीकडे भुलवलं की ती घाबरली, मला माहीत नाही.

हंगाम संपता संपता सासूबाई पुन्हा येऊन गेल्या. कधी, ते मला मावशीकडून कळलं. दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि एका हाताने मोजणीचं बटण दाबत होत्या. बटणाच्या टकटकीत मी माझ्या बाजूने काहीतरी ऐकायला बघत होतो. बराच वेळ ती थांबली नाही.

"कमी झालेत," त्या शेवटी म्हणाल्या.

मी श्वास सोडला.

"पण पुरेसे नाही. त्यात बसायला मी माझ्या मुलीला सांगणार नाही."

मी तिथूनच मावशीला फोन लावला. निकाल ऐकायला ती थांबली असणार, कारण पहिल्या घंटीलाच उचलला. मी सांगितलं तसंच्या तसं, कमी झालेत पण पुरेसे नाही. पलीकडे ती नेहमीपेक्षा सावकाश पण न खोकता बोलली. "मंग बाकीच्या पोरींना पण बाहेर काढा, शेठ. मी एकलीच उन्हात कशाला बसू."

काजळीचा माल शेडमध्ये ओतायचा नाही, असं मी त्याच वेळी मुकादमाला कळवलं. त्या हंगामात त्या मालाची पुढची सगळी निवड उघड्यावर, ताडपत्रीच्या सावलीत झाली. पाऊस आला की काम थांबत होतं, आणि गाड्या उशिरा निघत होत्या.